वेगवेगळ्या काळातले रग्बी लीग खेळाडू एकाच तराजूत तोलायचे कसे?

तेरावा_गडी

रग्बी लीगचा सर्वकालीन तेरा जणांचा संघ मांडायला घेतला आहे. खेळ रग्बी युनियनपासून (पंधरा गड्यांची मूळ रग्बी) १८९५ मध्ये फुटला, १९०६ मध्ये पंधराचे तेरा गडी झाले आणि प्ले-द-बॉल (टॅकल झालेल्याने, म्हणजे धरून पाडलेल्याने, उठून चेंडू टाचेने मागे सारणं) आला. तिथपासूनचे खेळाडू विचारात घेतोय. आकडे हाताशी आहेत, थोडंफार जुनं चित्रीकरणही आहे. तरी तीन ठिकाणी गाडी अडते:

१. गुणांचे विक्रम. ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणं) कधी ३ गुणांची, कधी ४ गुणांची. मग डेव्ह ब्राऊन आणि आजचा विंगर (कडेने धावणारा गडी) शेजारी ठेवायचे कसे?

२. हुकर, म्हणजे स्क्रमच्या (दोन्ही संघांचे गडी भिडून चेंडूसाठी रेटतात तो घोळका) मधोमध असणारा गडी. नोएल केली आणि कॅमरन स्मिथ दोघंही हुकर, पण दोघं एकच काम करत होते असं वाटत नाही.

३. संघाची चाल आखणाऱ्यांत वॉली लुईस की अँड्र्यू जॉन्स? दोघांचे सामने पाहिले की दोन वेगळे खेळ पाहतोय असं वाटतं.

"तो काळच वेगळा होता" एवढ्यावर सोडून द्यायचं नाहीये. काय मोजायचं आणि कशाला किती वजन द्यायचं, ते सांगा.

---

मार्कर_नं_२

आधी दशकं विसरा. "साठचं दशक", "नव्वदचं दशक" अशा रेघा मारल्या की तिथेच घोळ होतो. रेघा नियम बदलले तिथे मारा. ऑस्ट्रेलियापुरत्या माझ्या लेखी पाच रेघा महत्त्वाच्या आहेत.

१९६७. त्याआधी किती टॅकल होईतो एका संघाने चेंडू ठेवायचा याला मर्यादा नव्हती. चेंडू हातातून सुटत नाही तोवर तो तुमचाच. आघाडीच्या फळीने तो पोटाशी धरून इंचाइंचाने पुढे सरकायचं आणि समोरच्याला दमवायचं. सेंट जॉर्ज क्लबने १९५६ ते १९६६ अशी सलग ११ विजेतेपदं याच काळात जिंकली. १९६७ मध्ये चार टॅकलची मर्यादा आली आणि त्याच वर्षी कँटरबरीने त्यांना बाद फेरीत १२–११ असं हरवलं. संघ म्हातारा होत चालला होता हेही खरं, सगळं खापर नियमावर फोडू नका. पण चेंडू दाबून ठेवण्याची त्यांची ताकद एका रात्रीत निम्म्यावर आली हे नक्की.

१९७१. चाराचे सहा टॅकल झाले. चार टॅकलमध्ये घाई व्हायची आणि चेंडूला लाथा फार मारल्या जायच्या. सहामध्ये आखणीला जागा मिळाली. त्याच वर्षी फील्ड गोलची (खेळ चालू असताना, चेंडू टप्पा खाताच म्हणजे ड्रॉप किकने मारलेला गोल) किंमत २ वरून १ गुणावर आली.

१९८३. ट्रायचे ४ गुण झाले, आणि सहावा टॅकल झाला की चेंडू थेट समोरच्या संघाच्या हाती जाऊ लागला. हा दुसरा भाग बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तोवर टॅकल संपले की स्क्रम लागायचा. तुमच्या हुकरच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

१९९३. प्ले-द-बॉलपासून बचावफळीने मागे सरकायचं अंतर ५ मीटरवरून १० मीटर झालं. आक्रमणाच्या दृष्टीने टॅकल-मर्यादेनंतरचा सगळ्यात मोठा बदल हाच.

२००१ ते २०२०. इंटरचेंजवर (सामन्यात खेळाडू आत-बाहेर बदलणं) २००१ मध्ये १२ ची मर्यादा आली, २००८ मध्ये ती १० झाली आणि २०१६ मध्ये ८. २०२० मध्ये 'सिक्स अगेन' आला, म्हणजे प्ले-द-बॉलभोवतीच्या चुकीला शिट्टी वाजवून पेनल्टी न देता टॅकलमोजणी पुन्हा शून्यावर. मधली उसंत गेली. जड प्रॉपला (स्क्रममध्ये हुकरच्या बाजूला असणाऱ्या आघाडीच्या गड्याला) हे सगळ्यात जास्त जाणवलं.

इंग्लंडमधले खेळाडू घेणार असाल तर तारखा जरा सरकतात. चार टॅकल तिथे १९६६ च्या हंगामात आले, सहा टॅकल १९७२ मध्ये. बिली बॉस्टनच्या ५७१ आणि ब्रायन बेव्हनच्या ७९६ ट्राय जवळपास पूर्णपणे अमर्याद टॅकलच्या काळातल्या आहेत. बेव्हन मूळचा ऑस्ट्रेलियन, पण त्याची कारकीर्द इंग्लंडमध्ये घडली, त्यामुळे त्याला ऑस्ट्रेलियाच्या रेघा लावू नका.

---

जादा_दोन

पहिल्या मुद्द्याचं उत्तर सरळ आहे. गुण कधीच शेजारी ठेवू नका. ट्राय, गोल (ट्रायनंतर किंवा पेनल्टीवर मारलेले, २ गुणांचे) आणि फील्ड गोल सुटे करा आणि आजच्या दराने पुन्हा बेरीज करा.

डेव्ह ब्राऊन, १९३५, ईस्टर्न सबर्ब्स: ३८ ट्राय, ६५ गोल. तेव्हाचे गुण ११४ + १३० = २४४. आजच्या दराने १५२ + १३० = २८२.

एरिक सिम्स, १९६९, साउथ सिडनी: १ ट्राय, ११२ गोल, १९ फील्ड गोल. तेव्हाचे ३ + २२४ + ३८ = २६५. आजच्या दराने ४ + २२४ + १९ = २४७.

मूळ आकड्यांत सिम्स २१ गुणांनी पुढे दिसतो. दर सारखा केला की ब्राऊन ३५ ने पुढे जातो. शिवाय ब्राऊन सेंटरला खेळत होता आणि हे त्याने जेमतेम १५ सामन्यांत केलं, म्हणून प्रतिसामना आकडाही शेजारी लिहा. केन आयर्विनचे २१२ ट्राय २३६ सामन्यांत आहेत. सामन्यांची संख्या लिहिली नाही तर २१२ या आकड्यातून काहीच कळत नाही.

एक धोका मात्र आहे. दर बदलला की माणसं खेळायचीही वेगळं. फील्ड गोलला दोन गुण मिळत होते म्हणूनच सिम्स तो इतक्या वेळा मारत होता (१९७० च्या अंतिम सामन्यात चार). एकच गुण असता तर त्यातल्या काही वेळा त्याच्या संघाने चेंडू हातात ठेवून ट्रायसाठी प्रयत्न केला असता. म्हणून आजच्या दराची बेरीज ढोबळ धरा, तिच्यावर क्रमवारी उभारू नका.

गोलच्या टक्केवारीचंही तसंच. कातडी चेंडू पावसात पाणी पिऊन जड व्हायचा, तो वाळूच्या ढिगावर उभा करायचा आणि बुटाच्या चवड्याने समोरून मारायचा. बाजूने वळसा घेऊन पायाच्या वरच्या भागाने मारण्याची पद्धत ऑस्ट्रेलियात रुळली ती सत्तरच्या दशकात, इंग्लंडहून आलेल्या जॉन ग्रेमुळे. टचलाइनजवळून मारलेल्या गोलांची तुलना त्याआधीच्या लोकांशी करूच नये असं माझं मत.

---

डमीहाफ

हुकरबद्दल. केली आणि स्मिथ यांच्यात श्रेष्ठ कोण हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण दोघांची नोकरी वेगळी.

केलीच्या काळात स्क्रममध्ये चेंडूसाठी खरी झुंज व्हायची. दोन्ही प्रॉपच्या खांद्यांवर लटकायचं, हाफबॅकने चेंडू आत टाकण्याचा क्षण ओळखायचा आणि समोरच्या हुकरच्या आधी टाचेने तो मागे ओढायचा. सामन्यात असे स्क्रम डझनांनी लागायचे. १९६७ ते १९८२ या काळात तर टॅकल संपल्यावरही स्क्रम, म्हणजे स्क्रम जिंकणारा हुकर संघाला अख्खा नवा सेट (टॅकलची नवी मोजणी) मिळवून द्यायचा. प्ले-द-बॉललाही मार्करला (समोर उभ्या बचावपटूला) पाय घालून चेंडू ओढता यायचा. त्या हुकरचं मोजमाप एकच: स्वतःच्या फीडवर (आपल्या संघाने चेंडू आत टाकल्यावर) किती जिंकले आणि समोरच्याच्या फीडवर किती चोरले.

१९८३ नंतर स्क्रमची संख्या घटली, पुढे चेंडू सरळ दुसऱ्या ओळीच्या पायाशी टाकायला पंच हरकत घेईनासे झाले आणि ते कौशल्य संपलं. आजच्या हुकरचं काम तीन गोष्टींत मावतं: जमिनीवरचा चेंडू दोन्ही बाजूंना, धावणाऱ्याच्या छातीसमोर, पाऊल न वाया घालवता देणं, मार्कर ताटकळलेले दिसले की स्वतः निसटणं, आणि सामन्यात ४०-५० टॅकल करणं. स्मिथचे ४३० सामने (२००२ ते २०२०) यासाठी मोलाचे आहेत, की १२, १० आणि ८ इंटरचेंज, एक पंच, दोन पंच, शेवटच्या वर्षी सिक्स अगेन, या सगळ्यांतून तो तेच काम करत राहिला. नियम बदलूनही ज्याची किंमत टिकली अशा खेळाडूला मी जास्त गुण देतो.

म्हणून हुकरच्या जागी दोन नावं लिहा, झुंजीच्या स्क्रमचा हुकर आणि डमी-हाफ (प्ले-द-बॉलमागून चेंडू उचलून देणारा). ऑस्ट्रेलियाने २००८ मध्ये शतकाचा संघ निवडला तेव्हा केलीला घेतलं, त्यामागे हीच वाटणी होती असं मी समजतो.

प्रॉपचं गणितही असंच फिरतं. आर्थर बीटसनला पूर्ण ८० मिनिटं मैदानावर राहायचं होतं, म्हणून तो प्रत्येक धाव पूर्ण जोराने घेत नसे. टॅकलमध्ये उभं राहायचं, हात मोकळा ठेवायचा आणि शेजारून येणाऱ्याला चेंडू सोडायचा. आजचा प्रॉप दोन खेपांत मिळून साधारण ४५-५५ मिनिटं खेळतो आणि प्रत्येक धाव जीव तोडून घेतो. त्यामुळे 'एकूण मीटर' या आकड्यावर बीटसनला तोलणं अन्यायाचं आहे. त्याच्या प्रत्येक धावेनंतर पुढचा टॅकल किती मीटर पुढे झाला ते पाहा. ऑफलोडची (टॅकलमध्येच सोडलेल्या पासची) किंमत त्यात उतरते.

---

तेरावा_गडी

ट्राय-गोल सुटे करून यादी पुन्हा लिहिली, बराच फरक पडला. लुईस-जॉन्सचं अजून अडलंय. चित्रीकरणात नेमकं काय बघायचं?

---

मार्कर_नं_२

या जोडीत तुम्हाला योगायोगाने स्वच्छ सीमारेषा मिळाली आहे. लुईसचा खेळाडू म्हणून शेवटचा हंगाम १९९२. दहा मीटर आले १९९३ मध्ये, आणि जॉन्सचा पहिला सामनाही त्याच वर्षी. एकाची अख्खी क्लब कारकीर्द रेघेच्या अलीकडे, दुसऱ्याची पलीकडे.

पाच मीटरवर बचावफळी दोन-तीन पावलांत अंगावर येते. चेंडू हातात पडला की निर्णय तिथल्या तिथे. म्हणून लुईस खोल उभा राहायचा आणि दोन माणसांना ओलांडून जाणारा लांब पास द्यायचा, म्हणजे बचाव आत धावून आलेला असताना चेंडू बाहेर पोहोचलेला असायचा. हे पास अर्ध्या मीटरने मागेपुढे झाले तर समोरच्याने मध्येच पळवले असते. दहा मीटरवर तोच पास सोपा होतो, पण त्याचा उपयोगही घटतो, कारण बचावाला बाहेर सरकायला वेळ मिळतो. जॉन्सने म्हणून रेषेच्या अगदी तोंडाशी जाऊन, टॅकलर अंगावर झेपावल्यावर, छोटा पास किंवा छोटी लाथ हे हत्यार केलं.

चित्रीकरणावर हे मोजा, स्टॉपवॉच घेऊन:

टॅकल पूर्ण झाल्यापासून चेंडू टाचेने मागे जाईपर्यंत किती सेकंद. तीनच्या आत जलद, चारच्या वर संथ, असं ढोबळ धरा. त्या खेळाडूची चांगली कामगिरी जलद चेंडूवर आली की संथ चेंडूवर, ते वेगळं लिहा. संथ चेंडूवर बचाव भेदणारा खरा.

चेंडू हाती आला तेव्हा सर्वांत जवळचा बचावपटू किती मीटरवर होता. मैदानावरच्या आडव्या रेषा दर १० मीटरला असतात, त्यावरून अंदाज बांधा.

पास सोडल्यावर त्याला टॅकल झाला का. झाला असेल तर त्याने एक बचावपटू आपल्यावर ओढून घेतला होता.

हे एका खेळाडूचे निदान तीन पूर्ण सामने पाहून करा. निवडक क्षणांच्या फितींवर अजिबात नको. त्यांत फसलेले पास नसतात, आणि चाल आखणाऱ्याची पारख तिथेच होते.

---

जादा_दोन

जुन्या फितींबद्दल एक तांत्रिक सूचना. कित्येक जुने चित्रपट चुकीच्या वेगाने उतरवलेले असतात, त्यामुळे खेळाडू उगाच चपळ किंवा सुस्त दिसतात. ड्रॉप किकचा क्षण शोधा. हातातून साधारण एक मीटर उंचीवरून सोडलेला चेंडू ०.४५ सेकंदात जमिनीला लागतो, म्हणजे सेकंदाला २५ चौकटी असतील तर ११ चौकटी. आठच लागल्या तर फीत जोरात पळतेय आणि वरचे सगळे सेकंद त्या प्रमाणात वाढवून घ्यावे लागतील. खेळाडूने चेंडू खाली ढकललेला दिसला तर तो क्षण सोडून दुसरा घ्या.

---

उंच_चेंडू

फुलबॅकबद्दल थोडं, कारण तिथेही हीच चूक होते. क्लाइव्ह चर्चिलचं मोठेपण हे की फुलबॅक म्हणजे लाथ झेलून परत मारणारा शेवटचा पहारेकरी असं समजलं जायचं तेव्हा तो आक्रमणात घुसला. सत्तरच्या दशकात जॉन पिअर्डने उंच 'बाँब' लाथ हत्यार म्हणून रुळवल्यावर उड्या मारणाऱ्या माणसांच्या गर्दीत चेंडू झेलणं ही नवी परीक्षा आली. चर्चिलला ती त्या रूपात द्यावी लागलीच नाही, त्यामुळे त्या रकान्यात त्याला शून्य न देता रकाना रिकामा ठेवा. बिली स्लेटरला तो रकाना भरावाच लागेल, शिवाय मागून ओरडून बचावफळी लावण्याचाही.

आणि "आजचा खेळाडू धिप्पाड, जुना त्याच्यापुढे टिकणार नाही" हा मुद्दा कुणीतरी काढणारच. तो तयारीचा फरक आहे, आणि तयारीचा फरक किती मोठा असतो ते एकाच काळातही दिसतं. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियाने ब्रिटन-फ्रान्स दौऱ्यातले सर्व २२ सामने जिंकले. हलमधली पहिली कसोटी ४०–४. नियम तेच, मैदान तेच, फरक तंदुरुस्तीचा आणि सरावाचा. आठ ट्राय होत्या, म्हणजे आजच्या दराने ४८. जुन्या खेळाडूला नोकरी सांभाळून संध्याकाळी सराव करावा लागायचा. पूर्णवेळ व्यावसायिकता सर्रास झाली ती नव्वदच्या मध्यानंतर. म्हणून वजन आणि वेग यांना तुलनेत जागाच देऊ नका, त्या खेळाडूने आपल्या काळातल्या सरासरीपेक्षा किती वेगळं केलं तेवढंच धरा.

उलट बाजूने, सहनशक्तीच्या कथाही आकड्यांत मिसळू नका. १९५८ च्या ब्रिस्बेन कसोटीत ब्रिटनचा कर्णधार अ‍ॅलन प्रेस्कॉट हात मोडलेला असताना खेळत राहिला आणि संघ २५–१८ ने जिंकला. बदली खेळाडूच नव्हता, बाहेर गेला असता तर संघ एका माणसाने कमी झाला असता. त्याच्या धैर्याला मान द्यायलाच हवा. पण आजचा प्रॉप डोक्याच्या तपासणीसाठी बाहेर जातो म्हणून त्याला कमी लेखणं चूक आहे, कारण त्याच्यापुढे तो पर्याय आहे आणि तो घेणंच शहाणपणाचं आहे.