मदत हवी आहे: छोटा स्थानिक पेपर तगवायचा कसा?

मंडळी, आम्ही तिघं मिळून एक छोटं साप्ताहिक चालवतो, म्हणजे बातमी लिहिणारे आम्हीच, पानं लावणारे आम्हीच आणि जाहिराती मागत फिरणारेही आम्हीच. पूर्वी छोट्या जाहिरातींवर, म्हणजे घर भाड्याने, नोकरी, लग्न वगैरे, निम्मा खर्च सुटायचा, त्या सगळ्या आता ऑनलाईन गेल्या आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जे दुकानदार जाहिराती बंद करून गेले त्यातले बरेच परत आलेच नाहीत. कागद आणि छपाईचं बिल मात्र वेळेवर येतं!

आता प्रश्न असा की छापील अंक बंद करून फक्त डिजिटल करावं का? कॅनडातल्या ला प्रेसने २०१७ संपताना छपाई थांबवली आणि २०१८ मध्ये ना-नफा ट्रस्ट केला, अमेरिकेत सॉल्ट लेक ट्रिब्यूनपण २०१९ मध्ये ना-नफा झाला, पण ते मोठे पेपर, देणग्या देणारे वाचक त्यांच्याकडे आहेत. आमचे वाचक बहुतेक वयस्कर, त्यांना हातात कागदच लागतो, आणि तरुण पोरं अंकाची पीडीएफ फुकट फॉरवर्ड करतात (वर छान लिहिलंय म्हणून सांगतात, त्याने काय होतंय).

कुणी वर्गणी किंवा मेंबरशिपवर छोटा पेपर चालवलाय का? सुरुवातीला किती वाचक खरंच पैसे देतात? आणि एकाच बड्या जाहिरातदारावर अवलंबून राहिलं की त्याच्याविरुद्धची बातमी कशी छापता? आम्ही सध्या तिथेच अडकलोय.