लेनापी लोकांचा मासेमारीचा दगडी बांध: टोक नदीच्या वर की खाली?

गोदाकाठ_नाशिक
नाशिकच्या एका शाळेत नववीची मुलं प्रदर्शनासाठी अमेरिकेतल्या डेलावेअर नदीवरच्या लेनापी या मूळनिवासी लोकांच्या मासेमारीचं चालतं मॉडेल करताहेत. ४ फूट लांब, २ फूट रुंद पत्र्याचा ट्रे, पंपाने फिरणारं पाणी, प्रमाण १:२०. आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे येतात, तसा तिकडे वसंतात शाड मासा समुद्रातून नदीत चढतो. म्हणजे इंग्रजी 'व्ही'सारख्या बांधाचं टोक वरच्या अंगाला हवं ना? चित्रांत ते खालच्या अंगाला दिसतं. शिवाय ट्रेमधले दगड वाहून जाताहेत. दोर आणि जाळ्याची वजनं कशाची करायची?

नदीवाचक
चित्रं बरोबर आहेत. शाड चढताना अडवायचा नसतो, वर गेलेला हाकत खाली आणायचा असतो.

१८व्या शतकात लेनापींमध्ये राहिलेल्या मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनऱ्यांनी ही रीत बारकाईने लिहून ठेवली आहे. पाणी उथळ असेल तिथे दगडांच्या दोन भिंती तिरप्या घालत एकमेकींजवळ आणायच्या, टोकाला फट ठेवायची आणि फटीत तळाला भोकं असलेली मोठी पेटी बसवायची. मग रानद्राक्षाच्या वेली पिळून नदीच्या रुंदीएवढा दोर करायचा. त्याला साधारण ६ फुटी फांद्या, दर १२ फुटांवर एक. हा दोर बांधाच्या मैलभर वरून दोन्ही काठांनी धरून हळूहळू खाली आणतात. मधली माणसं लाकडी बेचक्यांनी त्याला आधार देतात, नाहीतर फांद्या बुडतात आणि मासे वरून निसटतात. बांधाशी आले की भिंतींवर उभी असलेली माणसं काठ्या आपटून, ओरडून मासे पेटीत घालतात. पाणी भोकांतून निघून जातं, मासा राहतो. अर्ध्या दिवसात हजारावर मासे मिळत.

मॉडेलमध्ये फांदी ९ सेंमी, दोन फांद्यांतलं अंतर १८ सेंमी. मैलाचे ८० मीटर होतात, ते ट्रेत मावणार नाहीत. तेवढा भाग मागच्या तक्त्यावर काढा.

पाटकरी
दगड वाहण्याचं कारण बहुधा वेग. लांबी २० पट कमी केली की वेग २०च्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण साडेचार पटीने कमी करावा लागतो. खऱ्या नदीत सेकंदाला १ मीटर धरलात तर ट्रेत २२ सेंमी. थर्माकोलचा तुकडा सोडून बघा: ट्रेची लांबी कापायला साडेपाच सेकंद लागले पाहिजेत. कमी लागले तर पंपाचा कॉक आवळा.

दुसरं, भिंतीच्या फटी मातीने लिंपल्या असतील तर काढून टाका. अशी भिंत पाझरायलाच हवी. पाणी तुंबलं की ते माथ्यावरून पडतं, पायथ्याची वाळू उकरतं आणि दगड खचतात. फटीत वेग सर्वांत जास्त असतो, म्हणून तिथे खाली चपटे दगड आधी अंथरा. भिंतीला दीड-दोन सेंमीचे खडे पुरतील.

नदीवाचक
एक भर: सापासारख्या लांब ईल माशाचा बांधही खाली टोक असलेलाच, पण तिथे हाकावं लागत नाही. ईल वर्षानुवर्षं गोड्या पाण्यात वाढतो आणि शरद ऋतूत अंधाऱ्या रात्री, पाणी चढलं की स्वतःहून समुद्राकडे उतरतो. न्यूयॉर्क राज्यात हॅन्कॉकजवळ असे बांध अलीकडेही वापरात होते. टोकाला लाकडी पट्ट्यांची उतरती जाळी असते. पानगळीची पानं तिच्यात अडकून पाणी तुंबतं, म्हणून ती रात्रभर साफ करत राहावी लागते. एकाच ट्रेत दोन्ही दाखवायचे तर आधी पेटी, मग पट्ट्यांची जाळी, असं टोकाला आलटून पालटून बसवा.

सुतळी
जाळ्याचं सूत अपोसायनम नावाच्या झाडाच्या सालीचं, करवंद-कण्हेरीच्या कुळातलं. शरदात खोड तपकिरी झालं की साल सोलून धागा काढतात. इथे ताग वापरा, घायपात ताठ पडतो. दोन पेड घ्या, प्रत्येकाला उजवीकडे पीळ द्या आणि ते एकमेकांवर डावीकडे गुंडाळा. हात सोडला तरी उलगडत नाही. नवा धागा जोडताना दोन्ही पेडांचे जोड एकाच जागी येऊ देऊ नका, दोर तिथेच तुटतो.

वजनं म्हणजे तळहातात मावणारे चपटे गोटे, समोरासमोरच्या दोन कडांना खाच पाडलेले. दोर खाचेत बसतो. भोक पाडू नका. डेलावेअरच्या काठी असे खाचेचे गोटे भरपूर सापडले आहेत.

माहितीफलकावर 'लेनापी लोक होते' असं कृपया लिहू नका. त्यांना डेलावेअर खोऱ्यातून हुसकावलं गेलं, पण ओक्लाहोमा, विस्कॉन्सिन आणि कॅनडातल्या ओंटारिओत त्यांचे समाज आज आहेत.

गोदाकाठ_नाशिक
थर्माकोल सोडून पाहिला, अडीच सेकंदांत पार. कॉक अर्ध्याहून जास्त बंद केल्यावर भिंत टिकली. फलकाचं वाक्य बदललं आहे. पेटीच्या तळाची भोकं केवढी ठेवायची?

नदीवाचक
माशाच्या जाडीहून लहान, एवढंच पाहा. मासे म्हणून ३ सेंमीचे लाकडी तुकडे घेणार असाल तर ४ मिमी पुरे, पण भोकं भरपूर पाडा. कमी पडली तर पेटी भरून वाहते आणि तुकडे काठावरून बाहेर जातात.