स्कायलार्किंगची उलटी वायर

रीइश्यू, म्हणजे जुना अल्बम पुन्हा बाजारात आणणं, ही जुन्याच शर्टाला नवी इस्त्री असते, हे म्हणणं बहुतेक वेळा पटतं. पण एक्सटीसी या ब्रिटिश बँडचा 'स्कायलार्किंग' (१९८६) हा अल्बम त्यातून वगळा. अमेरिकन संगीतकार-निर्माता टॉड रंडग्रेनने निर्मिती केलेल्या या अल्बमच्या मास्टरमध्ये (ज्यावरून सगळ्या प्रती निघतात त्या मूळ ध्वनिमुद्रणात) पोलॅरिटीच, म्हणजे सिग्नलची अधिक-उणे दिशाच, उलटी होती. म्हणजे ड्रमचा ठोका पडला की स्पीकरचा पडदा बाहेर यायच्याऐवजी आत जायचा. बास पार पोकळ! मास्टरिंग इंजिनिअर जॉन डेंटच्या हे लक्षात आलं आणि २०१०च्या रीइश्यूत ते सुधारलं. तोवर २४ वर्षं आपण तेच ऐकून माना डोलावत होतो. 'समर्स कॉल्ड्रन' या गाण्यातून 'ग्रास' हे पुढचं गाणं सुरू होतं, ती जागा जुन्या आणि नव्या दोन्ही आवृत्त्यांत ऐकाच.