मदत हवी आहे: लेथला डीआरओ बसवला, आकडे नाचतायत

पार्किंगमधला टर्नर
दोन रविवार घालवून लेथला दोन अक्षांचा डीआरओ (स्लाइड किती सरकली ते स्केलवरून वाचून आकड्यात दाखवणारा डिस्प्ले) बसवला. सगळं नीट बसलंय, तरी कॅरेज (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) जागची हललेली नसताना झेडचा, म्हणजे लांबीच्या अक्षाचा, आकडा ०.०५, ०.१२, मग एकदम मायनसमध्ये. शिवाय क्रॉसला (टूल आडवं आत नेणाऱ्या स्लाइडला) ०.५ चा कट दिला की जॉब १ मिमीने उतरतो. मेहुण्याच्या पंपाच्या दोन बुश वाया गेल्या, तो रोज फोन करतोय. लवकर सांगा, डिस्प्ले परत करू का?

भोसरीकर
लेथ किती फुटी? स्केल काचेची की मॅग्नेटिक? आकडे मोटर बंद असतानाही नाचतात का? ‘सगळं नीट बसलंय’ म्हणजे काय, डायल गेज फिरवून स्केल बेडला समांतर आहे का बघितलंत? फोटो टाका.

मायक्रॉन
क्रॉसमध्ये काहीच बिघाड नाही. डिस्प्ले त्रिज्येवर आहे, व्यासावर करा. टूल अर्धा मिमी आत गेलं की व्यास एकाने उतरणारच. मॅन्युअल वाचा की राव.

जुना हात
चाळीस वर्षं हँडलच्या डायलवर काम केलं. बॅकलॅश (स्क्रूमधली ढिलाई) काढून एकाच दिशेने फिरवलं की डायल दगा देत नाही. हे दिवे कशाला?

मायक्रॉन
काका, डायल स्क्रू किती फिरला ते सांगतो. स्क्रू मधेच झिजलेला असला की संपलं. स्केल प्रत्यक्ष स्लाइड कुठे आहे ते सांगते.

जुना हात
आणि लांब जॉब टूलपासून वाकला, तर तुझी स्केल ते सांगेल का? शेवटी मायक्रोमीटर लावावाच लागतो.

चुंबकवाला
काच काढा, मॅग्नेटिक लावा. पट्टी हवी तेवढी कापता येते, कूलंट उडालं तरी चालतं. मी मिलिंगला तिन्ही अक्षांवर लावली आहे. वाय अक्षाला ब्रॅकेट करताना आधी टेबलाखालचा ‘नी’ (गुडघा) खाली घ्या.

भोसरीकर
त्यांच्याकडे मिलिंग नाहीये हो.

नवशिका कोथरूड
अवांतर: जुना लेथ साधारण केवढ्याला पडतो? मलाही घ्यायचाय. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, बाल्कनीत चालेल का?

जुना हात
चालेल. मग तो दुसऱ्या मजल्यावर असेल.

पार्किंगमधला टर्नर
व्यासाचं जमलं, धन्यवाद. बाकीच्यांनी लेथ विकायला काढलाय असं वाटतंय. साडेचार फुटी आहे, काचेची स्केल, ५ मायक्रॉन. मोटर बंद असली की आकडा दगडासारखा. सुरू केली की नाच. घरी सिंगल फेज आहे म्हणून १ एचपीची थ्री फेज मोटर व्हीएफडीवर (सिंगल फेजवरून थ्री फेज करून देणाऱ्या ड्राइव्हवर) चालवतो.

भोसरीकर
आणि हे तुम्ही आत्ता सांगताय! डिस्प्ले परत करू नका. व्हीएफडीचा नॉइज (आवाज नव्हे, विजेचा व्यत्यय) आहे. स्केलची केबल मोटरच्या केबलसोबत एकाच पाइपातून नेली असणार.

मायक्रॉन
इतक्यात निकाल नको. स्केल वाचणाऱ्या रीडिंग हेडचं ब्रॅकेट पातळ अँगलचं असेल तर मोटरच्या थरथरीनेही आकडा हलतो. कॅरेज लॉक करा, शून्य करा, मोटर दोन मिनिटं चालवून बंद करा. आकडा शून्यावर परत आला तर थरथर. भलत्याच आकड्यावर थांबला तर नॉइजने खोटे काउंट घुसतायत.

पार्किंगमधला टर्नर
केलं. ०.३७० वर थांबला. दुसऱ्यांदा −०.११५. केबल एकाच पाइपात होत्या हे खरं, वेगळ्या केल्या. थोडा फरक पडला.

भोसरीकर
मोटरची केबल शील्डवाली घ्या. लेथ, व्हीएफडी आणि डिस्प्लेची अर्थिंग एकाच ठिकाणी आणा. लेथला अर्थिंग आहे ना?

पार्किंगमधला टर्नर
होती. व्हीएफडी लावल्यावर ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) सारखा पडायचा, म्हणून वायरमनने अर्थची वायर काढून टेप मारून ठेवली.

जुना हात
अरे देवा. लोखंडी धूड, ओले हात आणि अर्थ नाही! मेहुण्याची बुश राहू दे, आधी मेन बंद कर.

भोसरीकर
काकांशी पहिल्यांदाच पूर्ण सहमत. वायर जोडल्याशिवाय लेथला हात लावू नका. व्हीएफडीच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थमध्ये गळतोच, ३० मिलिअँपचा ईएलसीबी त्यावर पडू शकतो. व्हीएफडीच्या सेटिंगमध्ये कॅरिअर फ्रिक्वेन्सी (आतलं स्विचिंग किती वेगाने होतं ते) कमी करा, गळती कमी होते. मोटर जरा जास्त किंचाळेल. तरी पडला तर जाणकार वायरमन बोलवा, तोच परत नको.

नवशिका कोथरूड
म्हणजे बाल्कनीला अर्थिंग लागेल का?

पार्किंगमधला टर्नर
अर्थ जोडली. मोटर चालू असताना झेड ०.००० वर, फार तर शेवटचा ५ येतो जातो. कॅरिअर कमी केल्यावर ईएलसीबी दिवसातून एकदाच पडतो, पण किंचाळण्याने वरच्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या होत्या. आज गुरुवार, लाइट नाही. बुश उद्या.