चर्चची इमारत सार्वजनिक कार्यक्रमांना द्यायची आहे, नियम कसे ठरवावेत?

नमस्कार मंडळी. आमचं कॅथलिक चर्च रविवार सोडला तर बहुतेक वेळ रिकामं असतं. रक्तदान शिबिर, शास्त्रीय संगीताची बैठक, नागरिकांची सभा यांसाठी ते द्यावं असं मला मनापासून वाटतं. शेजारच्यांना या दारातून आत यायला संकोच वाटू नये.

कॅनन लॉच्या (कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या) १२१० व्या कलमानुसार पवित्र जागेत उपासनेला पूरक गोष्टीच चालतात, पण त्या जागेच्या पावित्र्याला बाधा येत नसेल तर बिशप एखाद्या वेळेपुरती वेगळी परवानगी देऊ शकतात. चर्चमधल्या संगीत कार्यक्रमांबद्दल व्हॅटिकनचं १९८७ चं पत्रही आहे: लेखी अर्ज, प्रवेश विनामूल्य, कलाकारांनी वेदीच्या भागात बसू नये, परमप्रसाद (उपासनेत पवित्र केलेली भाकर) शक्यतो दुसरीकडे सुरक्षित ठेवावा. संगीताचं त्यामुळे बरंचसं स्पष्ट होतं.

अडतंय ते सभांपाशी. पाणीप्रश्नावरची सभा आणि उमेदवाराची प्रचारसभा यांत रेष कुठे ओढायची? प्रचार नकोच, यावर मी ठाम आहे. पण सभा ऐनवेळी तिकडे वळली तर थांबवायची कोणी?

वीज-सफाईचा खर्च घेता की देणगीपेटी ठेवता? कोणाकडे लेखी नियमावली असेल तर कृपया पाठवा. प्रोटेस्टंट मंडळींचे अनुभवही हवे आहेत.