'असुरक्षितता' की आणखी काही? (ऑथेल्लोच्या निमित्ताने)

सांजवेळ: शेक्सपियरच्या 'ऑथेल्लो' नाटकावरचा एक लेख मराठीत आणतेय. 'इनसिक्युरिटी'मुळे ऑथेल्लो त्याच्या हाताखालच्या कपटी इयागोच्या हाती सापडतो आणि बायकोवर, डेस्डेमोनावर, संशय घेतो, असा लेखाचा गाभा. मी 'असुरक्षितता' लिहिलं, तर मैत्रिणीने विचारलं, "त्याच्या जिवाला कुणापासून धोका होता?" बरोबर आहे तिचं. हा सेनापती, लढाईला भिणारा नव्हे. पण तिसऱ्या अंकात मनाशी मोजत बसतो: मी काळा, दरबारी लोकांसारखं गोड बोलता येत नाही, वयही उतरणीला लागलंय, आणि लगेच, तसं फार नाही म्हणा. या चलबिचलीला काय म्हणायचं?

कुंपण: न्यूनगंड. रुळलेला शब्द असताना शोधाशोध कशाला?

सांजवेळ: तो फार ठाम वाटतो हो. पहिल्या अंकात हाच माणूस सिनेटपुढे ताठ उभा असतो.

जुनीवही: 'उपरेपण' घ्या. परका दाराबाहेर असतो. उपरा घरात वावरतो, पण घरचा नसतो. डेस्डेमोनाचा बाप ब्राबान्शिओ ऑथेल्लोला हौसेने घरी बोलवायचा, त्याच्या हकिकती ऐकायचा. मुलीने त्याच्याशी लग्न केलं तेव्हा तोच म्हणाला, जादूटोणा केला. म्हणून "तिने बापाला फसवलं" हे इयागोचं वाक्य वर्मी लागतं. माझी आत्या लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी "मी इथे उपरीच" म्हणायची. दोघी जावा हळू बोलल्या की तिचा हातातला पदर चुरगळला जायचा.

कुंपण: उपरेपण ही परिस्थिती झाली, मनोवस्था नव्हे. लेखाला मानसशास्त्रातलाच शब्द हवा.

जुनीवही: महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली हे नाटक मराठीत आणलं, देवलांनी त्याचंच केलेलं रूपांतर 'झुंझारराव' १८९० चं. न्यूनगंड तेव्हा कुठे होता? त्यांचं अडलं नाही.

पाऊलवाट: माझा मुद्दा वेगळा. लेखात 'कान भरले' लिहिलं असेल तर कृपया काढा. ज्याच्यावरून संशय येतो तो त्याचा अधिकारी कॅसिओ प्रामाणिक आहे ना, असं ऑथेल्लो विचारतो, इयागो नुसतं "प्रामाणिक?" एवढंच उलट म्हणतो. पाल चुकचुकते ती ऑथेल्लोच्या मनात, उरलेलं तोच भरतो. याला 'पिल्लू सोडणं' म्हणा.

कुंपण: कुणीही काही सांगावं आणि याने ऐकावं. कच्च्या कानाचा, दुसरं काय!

जुनीवही: मराठीत 'हलक्या कानाचा'. 'कच्चा' हिंदीतला.

पाऊलवाट: दोन्ही चूक. इयागोची बायको एमिलिया शपथेवर सांगते की डेस्डेमोना निर्दोष आहे. तिचं कुठे ऐकतो तो? हलक्या कानाच्या माणसाने तेही ऐकलं असतं. याला फक्त तेच पटतं, जे त्याने स्वतःबद्दल आधीच धरून ठेवलंय. 'मन खातं' म्हणतो ना आपण, ते.

सांजवेळ: पण 'मन खातं' मध्ये अपराधीपणा येतो. याने तर काहीच केलेलं नाही.

काजवा: न्यूनगंडातला 'गंड' आणि 'गंडवणे' एकच का? गंड असलेला माणूसच गंडवला जातो, असं मला कायम वाटत आलंय.

कुंपण: संस्कृतात गंड म्हणजे गाठ, सूज, गंडमाळेतला तोच. नुसत्या उच्चारसाम्यावर व्युत्पत्ती उभी राहत नाही.

काजवा: गाठ तर गाठ. दुखरी जागा तीच ना? तिथेच बोट ठेवतो इयागो.

सांजवेळ: मजकूर उद्या द्यायचाय. तूर्त 'उपरेपणाची सल' लिहू का?

जुनीवही: 'सल' स्त्रीलिंगी कधी झाला? आमच्या घरी 'तो सल'च म्हणतात.

पाऊलवाट: आमच्याकडे 'ती सल'. आजीही तसंच म्हणायची.