परिच्छेदाचं पहिलं वाक्य कसं शिकवायचं?

कोथरूडची_आई:
लेक नववीत. निबंधाच्या वहीत बाईंचा लाल शेरा: 'मुद्दा आधी एका वाक्यात सांग.' तेव्हापासून पठ्ठ्या प्रत्येक परिच्छेद 'आता आपण पाहू'ने सुरू करतो. विषय पानशेतचा पूर, म्हणजे पानशेत धरण फुटून पुण्यात आलेला. त्याने लिहिलंय: 'आता आपण १२ जुलै १९६१ च्या पुराचे परिणाम पाहू. पूल पाण्याखाली गेले. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. खडकवासला धरणही फुटलं. शहराचा पाणीपुरवठा बंद पडला.' चूक एकही नाही, पण वाचवत नाही. काय सांगू त्याला?

जुना_मुद्रितशोधक:
'आता आपण पाहू' ही दवंडी झाली. त्यात लेखक स्वतः काहीच म्हणत नाही. मुद्रितं तपासताना मी पहिली ओळ उघडी ठेवून बाकीच्या परिच्छेदावर पोस्टकार्ड ठेवायचो. खाली काय असेल याचा अंदाज आला नाही, तर समासात प्रश्नचिन्ह. (लेखक चिडायचे. चिडू देत.)

तुमच्या चिरंजीवांचा मुद्दा शेवटच्या दोन वाक्यांत दडून बसलाय. पुण्याला पाणी खडकवासल्यातूनच यायचं, तेच फुटलं. मग सुरुवात अशी करा: 'अर्धं शहर पुरात होतं आणि नळाला पाणी नव्हतं.' आता पुलांचं वाक्य या परिच्छेदात ठेवून बघा. उपऱ्यासारखं दिसतं ना? काय ठेवायचं नि काय काढायचं हे त्या पहिल्या वाक्याने ठरतं, म्हणून बाई ते मागतायत.

पर्वतीची_पायरी:
पण ते पहिलंच का हवं? आमची आजी नारायण पेठेतली. पुराचं सांगायला लागली की माजघरातल्या चिखलापासून सुरू करायची, मग भिजलेलं धान्य, मग हंडा घेऊन विहिरीवरची रांग. आणि अगदी शेवटी, 'पूर परवडला गं, पण नंतरचे हाल नको.' हे तिने आधीच सांगितलं असतं तर आम्ही पोरं उठून खेळायला गेलो असतो.

जुना_मुद्रितशोधक:
आजींना साष्टांग नमस्कार. पण त्यांना आपल्याला काय म्हणायचंय ते तोंड उघडण्याआधी ठाऊक होतं. नववीतल्या मुलाने आधी वर लिहावं, मग हवं तर खाली सरकवावं. हातात नसलेलं वाक्य सरकवणार कसं?

कोथरूडची_आई:
नळाचा परिच्छेद जमला! पुलांचा वेगळा काढलाय, पण त्याचं पहिलं वाक्य अजून सापडत नाहीये. पोळ्या गार झाल्या, साहेब टेबलावरून उठत नाहीत.